दोन रेतेन, मागच्या बाजूला

लग्न शनिवारी होतं आणि गुरुवारी सकाळी एलिओने वाकून पाहिलं, तर गाडीखाली तेलाचं थारोळं साचलं होतं.

थेंब दोन थेंब त्याला नवे नव्हते. गाडी त्याच्या वडिलांची, एव्हारिस्तोंची, एलिओच्या जन्माच्याही आधीची. वडील गेले तेव्हा ती परसात कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून उभी होती आणि मागच्या सीटवर एक कोंबडी नेमाने अंडी घालत होती. तेव्हापासून एलिओने तिला एकेक नट बदलत माणसात आणलं होतं. नगरपालिकेच्या पाणी खात्यातलं काम सुटलं की तो घरी यायचा आणि गाडीखाली शिरायचा. त्याने लग्न केलं नव्हतं. सान हासिन्तो गावातले लोक म्हणायचे, केलंय की, बायको परसात उभी असते.

शनिवारचं लग्न त्याच्या आईचं होतं. सत्तरीला टेकलेल्या तेओफिलाबाई डोंगरापलीकडच्या एल ओकोताल गावातल्या कासिमिरोशी लग्न करणार होत्या. कासिमिरो चीज बनवून विकायचा. बाजाराच्या दिवशी त्याच्या टोपलीपाशी तेओफिलाबाईंनी एकदा चीजला नावं ठेवली, त्याने ती मान्य केली, आणि तिथून गोष्ट वाढत गेली. एलिओने याला विरोध केला नव्हता. त्याने काहीच केलं नव्हतं. कासिमिरो घरी आला की तो "या काका" म्हणायचा आणि गाडीखाली शिरायचा. फक्त एक गोष्ट त्याने स्वतःहून ठरवली होती. आई चर्चला जाईल ती बाबांच्या गाडीतून, आणि गाडी तो चालवेल. आई एकदा गाडीकडे बघून "बरं" म्हणाली होती.

त्याने मागची चाकं काढली. दोन्ही बाजूंचे ऑइल सील गेले होते. आतलं तेल चाकांच्या आसावरून वाहत थेट ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलं होतं आणि लायनर तळणीतून काढल्यासारखे चकाकत होते. त्याने सगळं पुसून, तात्पुरतं बसवून गल्लीत एक चक्कर मारली. मागचे ब्रेक साबण लावल्यासारखे घसरत होते, पुढचे तेवढे धरत होते, आणि ते धरले की गाडी अंग टाकून डावीकडे वळत होती. चर्चकडे जाणारा रस्ता दगडी आणि घसरगुंडीसारखा उताराचा. त्या उताराच्या पायथ्याशी डाव्या हाताला चौकातलं कारंजं. कारंज्याच्या कठड्यावर गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या नवरी बघायला बसणार हे एलिओला माहीत होतं.

त्याने पुएब्ला शहरातल्या दुकानांना फोन लावले. एकाने गाडीचं साल दोनदा विचारून घेतलं आणि मग शेजारच्याला ऐकवायला फोन त्याच्या कानाला लावला. दुसऱ्याने ट्रॅक्टरचे सील आहेत म्हणून सांगितलं. एलिओ बस पकडून गेला, ते घेऊन आला, आणि ते केसभराने मोठे निघाले. लेथवाला नाबोर म्हणाला, आत बसेल असं एकेक कडं कातून देतो, पण मक्याच्या गिरणीचा दांडा हातात आहे, सोमवारी ये. जुने सील चामड्याचे होते. एलिओने ते तेलात भिजवून मऊ करून पाहिले, तर मक्याच्या शिळ्या तोर्तियासारखे त्याच्या हातात मोडले.

तेव्हा संध्याकाळी, गाडीखाली पाठीवर पडल्या पडल्या, त्याने वुल्फ्रानोला आवाजी निरोप पाठवला. वुल्फ्रानो त्याचा शाळेपासूनचा दोस्त, टॅक्सी चालवायचा, आणि चारी दिशांच्या भंगारवाल्यांना ओळखायचा.

इथे एक सांगायला हवं. चाकाच्या आत तेल अडवणाऱ्या त्या सीलला आमच्याकडे 'रेतेन' म्हणतात. आणि रस्त्यात गाड्या अडवणाऱ्या पोलिसांच्या नाक्यालाही 'रेतेन'च म्हणतात. दोघांचं काम अडवायचंच, म्हणून कुणाला त्यात कधी काही खटकलं नाही.

एलिओचा निरोप असा होता: "वुल्फ्रानो, दोन रेतेन. मागच्या बाजूला, एक डावीकडे, एक उजवीकडे. शनिवारच्या आत काहीतरी करायला पाहिजे, नाहीतर लग्नाचं वाटोळं होईल. तुझ्या सगळ्या लोकांना सांग बाबा."

वुल्फ्रानोच्या टॅक्सीत तेव्हा एक बाई, तिचं रडणारं बाळ आणि टोपलीत टर्की होती. त्याला जे ऐकू आलं ते त्याने इमानाने ड्रायव्हर लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलं. शनिवारी दोन रेतेन, डोंगराच्या मागच्या बाजूला, डावा रस्ता आणि उजवा रस्ता दोन्हीकडे. खबर नगरपालिकेतल्या माणसाची.

त्या शेवटच्या वाक्याने घात केला. एरवी गटावर नाक्याची खबर आली की चार जण खोटं म्हणायचे. पण पालिकेतला माणूस म्हटल्यावर कुणाला शंका उरली नाही. रात्रीपर्यंत कुणीतरी कागद तपासणार आहेत असं जोडलं. सकाळी कुणीतरी कुत्री जोडली. दुपारी निरोप एल ओकोतालला पोचला तेव्हा राजधानीहून क्रेन निघाली होती आणि बिनकागदाच्या गाड्या जागेवर दाबून चपट्या करणार होती.

एल ओकोताल हे गाव असं, की तिथल्या अर्ध्या गाड्या सरहद्दीपलीकडून आलेल्या. त्या चालतात छान, फक्त त्यांचे कागद नसतात. कासिमिरोची चीजची पिकअप त्यातलीच. वाजंत्र्यांची बसही त्यातलीच. आणि ज्याच्याकडून लग्नाच्या जेवणाचं, खड्ड्यात वाफवलेलं मेंढीचं बार्बाकोआ यायचं होतं, त्याच्या गाडीला तर नंबरप्लेटच्या जागी कुठल्याशा फुटबॉल संघाचं चिन्ह होतं.

शुक्रवारी एलिओ दिवसभर गाडीखाली होता. भाजीवाला आला नाही, गॅसवाला आला नाही, पण त्याच्या ते लक्षात आलं नाही. दुपारी वुल्फ्रानोचा फोन आला तेव्हा त्याने हात पुसून घाईने उचलला.

"काय रे, किती मोठं प्रकरण आहे?" वुल्फ्रानोने दबक्या आवाजात विचारलं.

"मोठं म्हणजे? सगळं बाहेर येतंय."

"सगळं?" वुल्फ्रानोने टॅक्सी कडेला घेतली. "आणि त्याला पर्याय काय?"

"पर्याय एकच. गाडी हलवायचीच नाही. सोमवारपर्यंत नाबोर काय करतो ते बघायचं."

नाबोरचा यात काय संबंध हे वुल्फ्रानोला कळलं नाही, पण एवढी मोठी भानगड म्हणजे त्यात कुणीही असू शकतं असं समजून त्याने गटावर टाकलं: सोमवारपर्यंत कुणी हलू नका.

शनिवारी सकाळी तेओफिलाबाई पांढऱ्या लेसचा झगा घालून, केसांत फुलं माळून अंगणात खुर्चीवर बसल्या. गावातले पाहुणे आले. डोंगरापलीकडचं एकही माणूस आलं नाही. वाजंत्री नाहीत, बार्बाकोआ नाही, नवरा नाही. कासिमिरोचा फोन बंद. पाद्रीबाबांनी दोनदा माणूस पाठवला, की दुपारी एक बाप्तिस्मा आहे, जमत असेल तर बघा. शेजारणी तेओफिलाबाईंच्या खांद्यावर हात ठेवू लागल्या. हा खांद्यावरचा हात किती वाईट असतो हे फक्त ज्याच्या खांद्यावर येतो त्यालाच कळतं.

मग वुल्फ्रानो आला, नव्या कोऱ्या शर्टात, आणि सांत्वन करायच्या सुरात म्हणाला की कासिमिरोकाकांचा दोष नाही, ते रेतेनमुळे अडकले असणार, एलिओने आधीच सावध केलं म्हणून बरं, नाहीतर गाडीच चपटी झाली असती.

एलिओने वुल्फ्रानोच्या हातून फोन घेतला आणि स्वतःचाच आवाज ऐकला. मग खालचे निरोप वाचत गेला. क्रेनपाशी येईपर्यंत त्याचे कान तापले होते. हे गाडीचे सील, तेलाचे, चाकातले, असं तो सांगू लागला. वुल्फ्रानोने कपाळावर हात मारून घेतला. पण तेओफिलाबाई मुलाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून एलिओला दिसलं की त्यांना ते पटलेलं नाही.

"पोरा," त्या हळूच म्हणाल्या, "तुला नको होतं, तर तोंडाने सांगायचंस."

एलिओ तसाच गाडीत बसला आणि कासिमिरोला आणायला निघाला.

वुल्फ्रानोची टॅक्सी बाहेर धडधाकट उभी होती. ती मागून घ्यावी हे एलिओला सुचलं तेव्हा तो घाट अर्धा चढून गेला होता आणि वळायला जागा नव्हती. चढणीला ठीक होतं. माथा ओलांडला. पलीकडे सगळा उतार. त्याने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, इंजिन कळवळून ओरडू लागलं, आणि तरी ती वेग घेत होती. प्रत्येक वळणावर तो ब्रेकला नुसता अंगठा टेकवायचा, गाडी डावीकडे झेप घ्यायची, डावीकडे कुठे डोंगर असायचा आणि कुठे नुसतं आभाळ. मागच्या ड्रममधून जळक्या तेलाचा वास येऊ लागला. एका वळणावर त्याने देवाची आई, स्वतःची आई आणि ट्रॅक्टरचे सील विकणारा, अशा तिघांची नावं एका श्वासात घेतली.

घाटाच्या पायथ्याशी पेट्रोल पंप आहे. त्या पंपाच्या आवारात, रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, जिथे जागा मिळेल तिथे एल ओकोतालच्या गाड्या उभ्या होत्या. वाजंत्री बसच्या टपावर पाय सोडून बसले होते. बार्बाकोआची वाफ लांबून दिसत होती. आणि सगळ्यांच्या पुढे, रस्त्यात मधोमध, नारिंगी शंकू मांडून दोन पोलीस उभे होते.

झालं होतं असं, की वाहतूक पोलिसांची गस्तीची गाडी सकाळी पंपावर नाश्त्याला आली. एवढ्या गाड्या दाटलेल्या बघून साल्मेरोन नावाचा हवालदार उतरला आणि काय झालंय म्हणून विचारू लागला. पोलीस दिसल्यावर मागून आलेल्यांनी पुढच्यांना सांगितलं, बघा, रेतेन. आणखी गाड्या थांबल्या. रस्ता कोंडला म्हणून साल्मेरोनने शंकू मांडले. असा तो नाका, ज्याची दोन दिवस खबर होती, शेवटी तयार झाला.

एलिओने शंकू पाहिले आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी डावीकडे वळली, एक शंकू पोटाखाली घेऊन घरंगळत गेली आणि पंपामागच्या निवडुंगाच्या कुंपणात नाक खुपसून थांबली.

साल्मेरोन चालत आला. त्याच्या हातात अजून मक्याच्या पिठाचा, अर्धा खाल्लेला तमाल होता. हात दाखवला तरी थांबला का नाहीस, असं त्याने शांतपणे विचारलं.

"रेतेन गेलेत, साहेब," एलिओ म्हणाला.

"गेलेत? मग आम्ही कोण आहोत?"

हे समजावून सांगायला बराच वेळ गेला. साल्मेरोनने खाली वाकून तेलाने माखलेलं चाक बघितलं, मग वाजंत्र्यांकडे, मग गाड्यांच्या रांगेकडे. त्याला कुणाचेच कागद बघायचे नव्हते, तो म्हणाला. त्याला फक्त नाश्ता करायचा होता, आणि त्याचा नाश्ता सकाळपासून थंड होत होता.

कासिमिरो पंपाच्या मागे, आपल्या पिकअपच्या पायरीवर एकटा बसला होता. काळा कोट, नव्या टाचांचे बूट, हातात हॅट. एलिओ तणतणत त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, काका, नाका-बिका काही नव्हतं, चुकून झालं सगळं, चला.

"माहितेय," कासिमिरो म्हणाला. "मी पहाटेच पंपवाल्याला विचारलं. नाही म्हणाला."

"मग?"

"मग इथेच बसलो." त्याने हॅट गुडघ्यावर फिरवली. "सगळे सांगत होते, पुढे जाऊ नका. या वयात कुणी असं सांगितलं की बरं वाटतं रे. फोनही मीच बंद केला."

कासिमिरो मग सावकाश बोलू लागला. एव्हारिस्तोचं घर, एव्हारिस्तोची खुर्ची, आणि चर्चच्या दारात एव्हारिस्तोच्या गाडीतून, एव्हारिस्तोच्या पोराच्या हातून त्याला बायको मिळणार. ज्या पोराने वर्षभरात त्याला "या काका"च्या पलीकडे दोन शब्द ऐकवले नव्हते. तो म्हणाला, मी त्या घरी पाहुणाच राहणार, आणि पाहुण्याने कधी उठावं हे कळलं पाहिजे. तू जा, तिला सांग, म्हातारा पळाला.

मग त्याने कोटाच्या खिशातून रुमालात बांधलेलं काहीतरी काढून एलिओच्या हातात ठेवलं. रुमालात दोन सील होते. जुन्या ट्रकच्या आसातून काढलेले, पुसून स्वच्छ केलेले. "तेओफिलाने फोनवर सांगितलं होतं गुरुवारी," तो म्हणाला. "भंगारवाल्याकडे सापडले. बघ होतात का."

एलिओने बोटाने कडा तपासली. मोजायची गरजच नव्हती. गुरुवारपासून ज्या मापाने त्याची झोप उडवली होती, ते माप त्याच्या तळहातावर पडलं होतं.

खरं तर त्याला हवं होतं तेच आयतं ताटात वाढलेलं होतं. माघारी जायचं, आईला सांगायचं, आणि परसात गाडीखाली शिरायचं. पण आईचं ते वाक्य त्याच्या कानात बसलं होतं. तो पायरीवर कासिमिरोशेजारी टेकला आणि त्याला आईशी लग्न करायला पटवू लागला.

ते त्याला अजिबात जमत नव्हतं. आई मनाने चांगली आहे, असं त्याने सुरुवात केली, फक्त घोरते. कुणाचं बोलणं पूर्ण होऊ देत नाही. मोलेचा रस्सा करते तेव्हा स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकलं तर उलथनं फेकून मारते. कासिमिरो प्रत्येक गोष्टीला "माहितेय" म्हणत होता. एलिओला घाम फुटला. आपण जे जे सांगतोय ते ऐकून कुठलाही शहाणा माणूस पळेल, हे त्याला दिसत होतं.

"तुमचा फोन आला ना," तो शेवटी म्हणाला, "की ती स्वयंपाकघराचं दार लावून घेते. आणि बाहेर आली की रेडिओ लावते. बाबा गेल्यापासून आमच्या घरात रेडिओ लागला नव्हता, काका. मला वाटायचं मोडलाय. मी दुरुस्तीला न्यायचं म्हणत होतो."

कासिमिरोने बुटांवरची धूळ झटकली. मग त्याने हॅट डोक्यावर ठेवली आणि पिकअपचं दार उघडलं.

वाजंत्री वाजवत, बार्बाकोआ वाफा सोडत, सगळी वरात घाट चढून सान हासिन्तोत शिरली. सगळ्यात मागे एलिओची गाडी, पिकअपला दोराने बांधलेली, नाकावर निवडुंगाचे काटे घेऊन. तेओफिलाबाई अंगणात उभ्या राहिल्या. एलिओने उतरून घाईने गाडीचं मागचं दार उघडलं आणि म्हणाला, की चौकाअलीकडेच थांबवतो, कारंज्यापर्यंत जात नाही, भिऊ नकोस.

आई गाडीत बसली नाही. ती कासिमिरोच्या पिकअपकडे चालत गेली. दार उघडून, चीजची रिकामी टोपली बाजूला सारून, झगा गोळा करून चढून बसली. मग खिडकीतून मुलाला जवळ बोलावलं.

"रागावू नकोस," ती म्हणाली. "मला ती गाडी लागते रे. पहिल्यापासून. तुझ्या बाबांना कधी सांगितलं नाही. आणि तू इतकी वर्षं तिच्याखाली होतास, तुलाही कसं सांगू?"

त्या दिवशी लग्न झालं, बाप्तिस्म्याच्या बाळानंतर. साल्मेरोन दोन ताटं बार्बाकोआ जेवला.

पुढच्या रविवारी कासिमिरो जुने कपडे घालून परसात आला आणि न बोलता गाडीच्या दुसऱ्या बाजूने खाली शिरला. त्याने आणलेले सील टपकन बसले. लायनर घासून, ड्रम पुसून, चाकं चढवून झाली. फरशीवर तेलाचा थेंब उतरला नाही. एलिओने किल्ली हातात घेतली आणि ती कासिमिरोपुढे धरली.

"तुम्ही चालवा काका."

तो शेजारच्या सीटवर बसला. इतक्या वर्षांत त्या सीटवर बसायची वेळच आली नव्हती. कासिमिरोने गल्ली पार केली, उतार घेतला, कारंज्यापाशी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, लोण्यासारखी थांबली. कासिमिरोचा चेहरा उजळला.

"ब्रेक छान लागतात रे पोरा," तो म्हणाला.

एलिओ दार उघडून, डोकं बाहेर काढून, कठड्याला धरून वाकला होता. रंग चुन्यासारखा पांढरा.

"हो," तो कसाबसा म्हणाला. "गाडीपण."